अकराशे लिटर आणि आमची संशोधन परिषद

तारीख ७ जानेवारी २०२४, रविवार, सकाळी साडेदहा. मंजूर रक्कम बारा हजार रुपये. हजर: सोसायटीचे अध्यक्ष, सहाव्या मजल्यावरच्या सेफ्टी मॅडम, चौथ्या मजल्यावरचे शेठ, सचिव म्हणून मी, आणि दाराबाहेर चपलांजवळ उभे असलेले मामा. मामांना हजर म्हणून लिहायचं की नाही, यावर पाच मिनिटं गेली. शेवटी मी 'विषय म्हणून उपस्थित' असं लिहिलं. ते शब्द माझेच आहेत. आज वाचताना लाज वाटते, पण इतिवृत्तात खाडाखोड करायची नसते.

आमची सोसायटी मोशीत आहे. आठ मजले, चौसष्ट फ्लॅट. राहणारे बहुतेक सगळे भोसरी ते चाकण या पट्ट्यातल्या कंपन्यांत जातात. मी एका कंपनीच्या स्टोअर्समध्ये आहे. रॅकवर किती नट असायला हवेत आणि प्रत्यक्षात किती आहेत, यातला फरक शोधणं हे माझं काम. अध्यक्ष एकतीस वर्षं क्वालिटी डिपार्टमेंटला काढून निवृत्त झालेले. सेफ्टी मॅडम चाकणच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी. शेठ मूळचे इथलेच. इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती त्यांच्या घरची होती. आता चाकणला त्यांचं पत्र्याचं शेड आहे आणि शेडमध्ये लोखंडी ब्रॅकेट बनवणारे तीन प्रेस आहेत. मामा म्हणजे आमचे पंपवाले आणि वॉचमन. लातूरकडचे, पन्नाशीचे. पंपाशेजारच्या खोलीत ते आणि मामी राहतात. मामी त्याच खोलीत स्वयंपाक करून कंपन्यांतल्या एकट्या माणसांना बावीस डबे देतात.

भानगड पाण्याची होती. पंपातून वरच्या टाकीत किती पाणी चढलं, हे सांगणारा मीटर खाली आहे. प्रत्येक फ्लॅटला वेगळा मीटर आहे. चौसष्ट मीटरांची बेरीज, मामांच्या खोलीला धरून दिलेले रोजचे दोनशे लिटर मिळवून, पंपाच्या मीटरइतकी यायला हवी. ती रोज अकराशे लिटरनं कमी येत होती. हे मीच शोधलं होतं आणि मला त्याचा थोडा अभिमानही होता. वरच्या टाकीचं पाणी येणारा, पण मीटर नसलेला नळ सगळ्या इमारतीत एकच, मामांच्या खोलीपाशी. त्यामुळे मामा पाणी शेजारच्या गॅरेजला विकतात, असं कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं आणि त्याला एकोणीस अंगठे आले. दुसऱ्या कुणी लिहिलं की डब्यांना लागत असेल. मी हिशेब मांडून उत्तर दिलं: बावीस डब्यांना अकराशे लिटर म्हणजे एका डब्याला पन्नास लिटर. इतक्या पाण्यात आमटी होत नाही, पोहायला शिकवता येतं. या उत्तराला दोन अंगठे आले. त्यातला एक माझ्या बायकोचा.

त्या रविवारच्या बैठकीला अध्यक्ष वर्तमानपत्राचं एक कात्रण घेऊन आले. आदल्या पावसाळ्यात संसदेनं देशातल्या वैज्ञानिक संशोधनाला चालना देण्यासाठी एक राष्ट्रीय परिषद स्थापन करणारा कायदा केला होता, त्याची बातमी. कात्रण त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलं होतं.

"सरकारनं काय केलं बघा," अध्यक्ष म्हणाले. "देशात संशोधन कमी पडतंय, तर आधी परिषद काढली. नियामक मंडळ, कार्यकारी परिषद, निधी, सगळं कायद्यानं. संशोधन त्यानंतर. आपण सगळं उलटं करतोय. थेट टाकी बघायची म्हणतोय."

"अध्यक्ष, पाणी कुठं जातंय त्ये बघायला परिषद कशाला?" शेठ म्हणाले. "वर चढायचं न् बघायचं."

"वर म्हणजे किती वर, शेठ?" सेफ्टी मॅडमनी विचारलं.

"टाकी हाय तेवढं."

"गच्चीपासून साडेतीन मीटर. दोन मीटरच्या वर गेलं की ते उंचीवरचं काम. परमिट लागतं. हार्नेसचा पट्टा, हेल्मेट, डॉक्टरचं फिटनेस, खाली एक माणूस उभा, आणि त्या माणसावर लक्ष ठेवायला एक."

"अवो, मामा तर दर म्हयन्याला चढत्यात."

"किती वर्षं?"

"सहा," दाराबाहेरून मामा म्हणाले.

"सहा वर्षं!" मॅडमनी कपाळाला हात लावला. "सचिव, लिहून घ्या. आजपासून बंद."

मी लिहून घेतलं. तेवढ्यात मामांनी मान आत घातली. "साहेब, म्या सांगू का? वरचा फ्लोट आडकायलाय. टाकी भरली की फ्लोट वर येतो न् पंप आपोआप बंद होतो. आता त्यो उशिरा यायलाय. तवर रोज दहा मिनटं पाणी ओव्हरफ्लोच्या पायपानं जायलंय. त्यो पाइप बिल्डरनं पावसाच्या पायपात सोडलाय, म्हणून खाली कुणाला दिसंना."

मग अध्यक्ष म्हणाले, "मामा, ज्याच्यावर संशय आहे त्यानंच कारण सांगायचं, हे कोणत्याही पद्धतीत बसत नाही. आमच्या कंपनीत ऑपरेटरनं स्वतःच्या पार्टवर ओकेचा शिक्का मारला तर अख्खा लॉट परत जायचा."

मी इतिवृत्तात लिहिलं: 'तोंडी माहिती मिळाली. पुरावा नाही.' मग ठराव झाला. सोसायटीची संशोधन परिषद स्थापन करावी आणि तिला बारा हजार रुपये द्यावेत. ३१ मार्चपर्यंत कारण सापडलं नाही, तर मामांना कामावरून कमी करावं आणि खोली रिकामी करून घ्यावी. बारा आठवडे होते. मला ते पुरेसे वाटले, कारण कारण तर मामांनी सांगूनच टाकलं होतं. फक्त ते सापडायचं बाकी होतं.

त्याच आठवड्यात मी राजपत्रातून कायद्याची प्रत उतरवून घेतली आणि दोन संध्याकाळी बसून वाचली. कायद्यात मला दोष सापडला नाही. चांगला, नीट बांधलेला मजकूर आहे. तो देशासाठी केलेला होता, आम्ही तो चौसष्ट फ्लॅटना लावला, एवढंच. तिकडे पंतप्रधान पदसिद्ध अध्यक्ष, म्हणून इकडे आमचे अध्यक्ष पदसिद्ध अध्यक्ष झाले. तिकडे निधीचा मोठा वाटा खाजगी उद्योगांकडून अपेक्षित, म्हणून इकडे प्रत्येक संशोधनाच्या खर्चाचे सत्तर टक्के उद्योगाकडून घ्यायचे ठरलं. आमच्याकडे उद्योग म्हणजे शेठ. आमची नियमावली एकोणीस कलमांची झाली. टाइप मी केली. बारा हजारांतले अठराशे परिषदेच्या फ्लेक्सला गेले. फ्लेक्सवर अध्यक्षांचा फोटो होता आणि खाली टाकीचा. टाकीचा फोटो जमिनीवरून काढलेला असल्यामुळे त्यात टाकी कमी आणि आभाळ जास्त होतं.

परिषदेचं पहिलं संशोधन अध्यक्षांनी स्वतः हाती घेतलं. मामांच्या खोलीजवळच्या त्या नळातून किती पाणी जाऊ शकतं, हे मोजायचं. सकाळ, दुपार, संध्याकाळ, तीन वेळा नळ दहा-दहा मिनिटं पूर्ण सोडायचा. नळाची धार मिनिटाला अकरा लिटर भरली. बादल्या ओळीनं मांडल्या जायच्या आणि अध्यक्ष प्रत्येक बादलीच्या कडीला लाल कागद अडकवायचे.

पहिल्याच दिवशी मामी पदर खोचून पुढे आल्या. "मोजून झालं का? मग मी नेते, डाळ धुवायचीय."

"नाही, ताई. तपासलेला नमुना वापरात आणायचा नाही."

"पाणीच हाय की ओ ते."

"आता ते नमुना आहे."

हे ज्यानं क्वालिटीत काम केलं नाही त्याला वेडेपणाचं वाटेल. पण आमच्या पट्ट्यात हे सगळ्यांच्या अंगात मुरलंय. तपासणीला काढलेला नग परत मालात गेला आणि ग्राहकाकडे सापडला, तर माणसाची नोकरी जाते. लाल कागद लागला की वस्तू बाद, मग ती सोन्याची का असेना. मलाही त्यात तेव्हा काही खटकलं नाही. बादल्या रोज तीन वेळा गटारात ओतल्या जात होत्या आणि मी नोंद करत होतो.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला आकडा वाढला. रोज अकराशे लिटर हरवायचे, ते चौदाशे तीस हरवायला लागले.

"बघा हिंमत," अध्यक्ष म्हणाले. "आपण डोळ्यांत तेल घालून बसलोय, तरी चोरी वाढली."

व्हॉट्सअ‍ॅपवर या वेळी एकतीस अंगठे आले. मामांनी दोन दिवस कुणाशी बोलणं टाकलं. सकाळी गेट उघडताना ते पूर्वी मला 'निघाले का साहेब' म्हणायचे, तेही बंद झालं.

मला त्या तीनशे तीसनं झोप लागेना. चोरीचा आकडा असा गोल नसतो. स्टोअर्समध्ये इतकी वर्षं फरक शोधतोय, चोरणारा माणूस कधी नेमकं चोरत नाही. शेवटी बायको भांडी घासता घासता म्हणाली, "अहो, तुम्ही सगळे मिळून रोज त्या नळाचं पाणी गटारात ओतता ते किती होतं?"

दहा मिनिटं, तीन वेळा, मिनिटाला अकरा लिटर. तीनशे तीस.

मी ताबडतोब अध्यक्षांकडे गेलो. त्यांनी कागदावर स्वतः गुणाकार केला, दोनदा केला, आणि त्यांचा चेहरा उजळला. "सचिव, अभिनंदन. परिषदेचा पहिला निष्कर्ष!"

"म्हणजे मोजणी थांबवायची ना?"

"थांबवायची कशी? वेगळं सदर पाडा. संशोधन-वापर: तीनशे तीस लिटर. मूळ हानी: अकराशे. वाढ झालीच नाही, हे सिद्ध झालं."

मी सदर पाडलं. व्हॉट्सअ‍ॅपवर खुलासाही टाकला. त्याला चार अंगठे आले.

त्याच संध्याकाळी मी मामांच्या खोलीत गेलो आणि म्हणालो की तुम्ही सांगितलेलं कारण परिषदेपुढे रीतसर मांडू, छापील अर्जावर. मामी पोळ्या लाटत होत्या. मामांनी बोटानं खोलीमागं दाखवलं.

"साहेब, शिडी मागं हाय. पाच मिनटाचं काम हाय."

"माहीत आहे. पण बंदी आहे ना. आधी अर्ज भरू."

अर्ज मी विचारत गेलो आणि भरत गेलो. संशोधनाचं शीर्षक: फ्लोट अडकतो. मुख्य संशोधकाची पात्रता: सातवी. यापूर्वीचं संशोधन: "विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त केल्यात, ते लिवा." अपेक्षित निष्कर्ष: "पाणी थांबंल." लागणारा निधी: "काही नको, शिडी आपलीच हाय."

अर्ज आठ दिवसांत फेटाळला गेला. शून्य निधीच्या संशोधनाचे सत्तर टक्के उद्योगाकडून कसे घ्यायचे, असा प्रश्न होता. मी परत मामांकडे गेलो. "मामा, काहीतरी रक्कम टाका. नवा फ्लोटच धरू या." मामांनी साडेतीनशे सांगितले. त्याचे सत्तर टक्के दोनशे पंचेचाळीस. मी शेठना फोन लावला.

"दोनशे पंचेचाळीस? ह्ये घ्या अडीचशे, न् मिटवा राव."

"अडीचशे झाले तर एकाहत्तर पूर्णांक त्रेचाळीस टक्के होतात, शेठ. नियम सत्तरचा आहे."

"मग वरचे पाच रुपये तुमच्या च्याला."

"तसं नाही चालत."

"बरं, मग खर्च वाढवा की. किती केला म्हंजे अडीचशे सत्तर टक्के हुत्यात?"

"तीनशे सत्तावन्न रुपये चौदा पैसे."

शेठनी प्रेसच्या धाडधाडीपासून फोन लांब नेला. मग शेठ म्हणाले, "तुमी कंपनीत बी असंच करता का वो?" मी हो म्हणालो. खरं तेच होतं.

अर्ज दोनशे पंचेचाळीसवरच कायम राहिला. पण नियमावलीच्या बाराव्या कलमाप्रमाणे तो दोन तज्ज्ञांनी तपासायचा होता आणि तज्ज्ञाचा विषयाशी हितसंबंध नसावा, असं तिथं म्हटलं होतं. विषय सोसायटीचं पाणी. सोसायटीत राहणारा प्रत्येक माणूस ते पितो. एक आठवडा त्यात गेला. शेवटी बंद असलेल्या दोन फ्लॅटचे मालक निवडले. एक वाकडला राहतात, दुसरे परदेशात. दोघांच्या मीटरचं रीडिंग शून्य, त्यामुळे हितसंबंधही शून्य. वाकडच्यांचा शेरा मार्चच्या मध्यावर आला: 'विषयावरील पूर्वीच्या अभ्यासाचा आढावा अपुरा आहे. इतर टाक्यांशी तुलना करावी.' परदेशातल्यांचा शेरा आलाच नाही.

मी तो शेरा मामांना वाचून दाखवला. मामा म्हणाले, "दुसऱ्याच्या टाकीवर चढलो तर मार खाईन साहेब. आपली तेवढी एकच टाकी हाय." हे उत्तर मी जसंच्या तसं कळवलं.

२९ मार्चला, शुक्रवारी, कामावरून परत आलो तेव्हा मामांच्या खोलीचं दार उघडं होतं. आत मोठी पातेली एकात एक घालून चादरीत बांधलेली होती. भिंतीवर डब्यांची यादी असायची, तिथं नुसता खिळा होता. मामी एका पोराला फोनवर सांगत होत्या, "उद्याचा शेवटचा हाय रे बाळा, परवापासून दुसरीकडं बघ." फोन ठेवल्यावर त्या मला म्हणाल्या, "साहेब, तुम्ही एवढं मोजता. बावीस पोरं परवा काय खातील, ते बी एकदा मोजा."

मी घरी येऊन नियमावली उघडली. एकोणीस कलमं मीच टाइप केलेली. टाकीवर चढायचं कसं नाही, यावर त्यात सात पोटकलमं होती. टाकीत बघायचं कसं, यावर एकही नव्हतं.

शनिवारी सकाळी नऊ वाजता मी मामांना हाक मारली. मामांनी आदल्याच दिवशी चाकणहून स्वतःच्या पैशानं फ्लोट आणून ठेवला होता. जाण्याआधी बसवून जायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. परमिट मिळो न मिळो.

"तुमी कशाला येता साहेब? खाली ऱ्हा. तुमच्यावर यील."

"माझ्यावरच येऊ दे."

शिडी मामांनी धरली आणि आधी मी चढलो. मला उंचीची भीती वाटते, हे त्या दिवशी कळलं. झाकण बाजूला केलं. मामा सांगत होते ते सगळं तिथं होतं. फ्लोटची वायर पकडीतून सरकून आतल्या पाइपाच्या कोपऱ्यात अडकली होती. खाली पंप चालू होता. पाणी ओव्हरफ्लोच्या तोंडाला लागलं आणि आत जाऊ लागलं. मी घड्याळ लावलं. फ्लोट हिसका देऊन वर आला आणि पंप थांबला, तेव्हा दहा मिनिटं आणि काही सेकंद झाले होते. पंप मिनिटाला एकशे दहा लिटर चढवतो. पुढचा गुणाकार करायला कागद लागला नाही.

मग मी उतरलो आणि मामा चढले. सगळं मिळून सहा मिनिटं लागली. पाच मिनिटांचं काम, असं ते म्हणाले होते. एक मिनिट मला उतरवण्यात गेलं.

फ्लोट बसल्याबसल्या मी सगळे मीटर वाचले होते, ३१ मार्चला सकाळी ते परत वाचले. चोवीस तासांत हरवलेलं पाणी तीनशे बत्तीस लिटर. दोन लिटर मीटरच्या चुकीत धरले, तर बाकीचं सगळं परिषदेचं होतं.

साडेदहाला बैठक बसली. मी आकडे वाचले आणि शनिवारी काय केलं ते सांगितलं.

"परमिटशिवाय?" सेफ्टी मॅडम म्हणाल्या.

"परमिटशिवाय."

"हार्नेस?"

"नव्हता. मामांनी शिडी धरली होती."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "मग हे गृहीत धरता येणार नाही. नियम मोडून मिळालेला निष्कर्ष कसा घ्यायचा? आणि तो घेतला नाही, तर कारण सापडलेलं नाही. आज एकतीस तारीख आहे."

"मंग काय, पाणी थांबलं म्हनून मामांना काढायचं व्हय?" शेठ उठून उभे राहिले. "आता जे पाणी जातंय त्ये तुमच्या लाल चिठ्ठीचं जातंय. नळ बंद करा की राव!"

मी म्हणालो, "नियम सचिवानं मोडला. सतराव्या कलमात त्याला शिक्षा आहे, पाचशे रुपये दंड. दंड भरला की प्रकरण मिटतं, असंही तिथं लिहिलंय. मी दंड भरतो. त्यानंतर माझं बघणं ग्राह्य धरा. आणि लिहा की कारण मामांनी ७ जानेवारीला सांगितलं होतं."

"तेव्हा ती तोंडी माहिती होती," अध्यक्ष म्हणाले.

"तोंडी होती, पण बरोबर होती. पुरावा नाही असं मी लिहिलं, कारण आपण कुणी बघायलाच गेलो नाही."

अध्यक्षांनी ते पाकिटातलं कात्रण उलटं करून ठेवलं. मग म्हणाले, "सतरावं कलम वाचा." मी वाचलं. सेफ्टी मॅडमनी एकच अट घातली. यापुढे मामांना हार्नेस घेऊन द्यायचा, परिषदेच्या पैशातून. ती सगळ्यांनी मान्य केली, आणि खरं सांगायचं तर बारा आठवड्यांतली ती एक गोष्ट शहाणपणाची होती. नळाची मोजणी त्या दिवसापासून बंद झाली. लाल कागदाचं उरलेलं बंडल अध्यक्षांनी घरी नेलं.

मामा या वेळी आत खुर्चीवर बसले होते. हजर असलेल्यांत त्यांना मी तसं लिहिलं, नुसतं 'मामा'. ठरावात 'कारण सापडले' यापुढे 'शोधणारे' असा शब्द घातला आणि तिथंही त्यांनाच लिहिलं. त्यांनी खाली सही केली, सावकाश. मग विचारलं, "आता पातेली सोडायची का?"

"सोडा," शेठ म्हणाले. "आन् आज माझा बी डबा टाका."

शेवटी दिलेल्या रकमा: फ्लोटच्या बिलाचे तीनशे वीस रुपये मामांना, त्यातले दोनशे चोवीस शेठकडून, म्हणजे बरोबर सत्तर टक्के, आणि शहाण्णव परिषदेकडून. दंडाचे पाचशे परिषदेला, माझ्याकडून, पावती क्रमांक एक. दुपारी मी मामींकडून डबा मागवला, कारण शनिवारच्या शिडीपासून बायको माझ्याशी बोलत नव्हती आणि तिनं स्वयंपाक केला नव्हता. रिकामा डबा द्यायला मी खाली गेलो आणि मामींना एका डब्याचे सत्तर रुपये दिले. त्यांनी ते मोजून घेतले.